कारखान्यांच्या कामातून तयार झालेलं पीएचपी फ्रेमवर्क: तपासायला आणि पुढं न्यायला जाणकार माणसं हवीत (कोल्हापूर)

उद्यमनगर_पीएचपी (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या छोट्या कारखान्यांना मी जॉबवर्कचं (दुसऱ्याच्या मालावर काम करून तो परत द्यायच्या धंद्याचं) सॉफ्टवेअर करून देतो. एकटाच आहे. ऑफिस म्हणजे वडिलांच्या लेथ शॉपवरचा पोटमाळा. प्रत्येक नव्या कामात तोच तोच कोड लागायचा. तो बाजूला काढत गेलो आणि आता त्याचं एक स्वतंत्र फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा, उभं राहिलंय. नाव ‘काहील’. पीएचपी ८.२ पासून पुढं चालतं, मायएसक्यूएल नाहीतर मारियाडीबी डेटाबेस लागतो, बाकी काही नाही. सध्या नऊ ठिकाणी रोजच्या वापरात आहे: चार फौंड्री, चार मशीन शॉप आणि मार्केट यार्डातली एक गुळाची अडत पेढी.

आता ते सगळ्यांसाठी खुलं करायचंय. पण त्याआधी कुणीतरी जाणकारानं ते आतून बघितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. खासबागेच्या मैदानात उतरायच्या आधी तालमीत वस्तादानं चार वेळा आपटलेलं बरं.

‘लाराव्हेल असताना हा उद्योग कशाला’ हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. लाराव्हेल हे पीएचपीचं गाजलेलं फ्रेमवर्क मी वापरलंय, चांगलंच आहे. आपल्या मुंबईचं फ्रापे फ्रेमवर्क पण बघितलं. कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट त्याच्यावर चालतं, काम जबरदस्त आहे, पण त्याला रेडिस ही वेगळी साठवण यंत्रणा लागते, मागं चालणारे वर्कर प्रोग्रॅम लागतात. माझं गिऱ्हाईक वर्षाचं शेअर्ड होस्टिंग (इतरांबरोबर वाटून वापरायचा स्वस्त सर्व्हर) घेतं, नाहीतर ‘सर्व्हर’ म्हणून स्टोअर रूममधला जुना पीसी दाखवतं. तिथं फायली कॉपी केल्या, डेटाबेसचं नाव-पासवर्ड भरला की चालू झालं पाहिजे.

आता यात वेगळं काय आहे ते.

पहिलं म्हणजे क्रमांक. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणं बिलाचा क्रमांक सलग पाहिजे, त्या आर्थिक वर्षात दुसरीकडं कुठं आलेला नसावा आणि १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे. मालासोबत जाणाऱ्या चलनाला नियम ५५ आहे, तिथंही १६ अक्षरंच. बरेच लोक डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा (ऑटो इन्क्रिमेंट) तसाच बिलावर छापतात. व्यवहार अर्ध्यात फसून रद्द (रोलबॅक) झाला की तो आकडा परत मिळत नाही, मालिकेत भोक पडतं आणि मार्चमध्ये सीए विचारतो, ‘११२ नंबर कुठाय?’ काहीलमध्ये मालिकांचं वेगळं टेबल आहे. चलन पक्कं होतानाच त्या ओळीला कुलूप लावून आकडा उचलला जातो. फसलं तर आकडा जागेवर. १ एप्रिलला मालिका नव्यानं सुरू होते.

दुसरं, लाइट आणि नेट. लाइट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर तग धरतो, राउटर मात्र बंद. म्हणून फॉर्म भरतानाच ब्राउझरमध्ये त्याचा कच्चा खर्डा साठत जातो. फॉर्म उघडला की त्याला एक खूण मिळते. टेबलात त्या खुणेवर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तीच खूण दुसऱ्यांदा घेतली जात नाही, त्यामुळं माणसानं वैतागून पाच वेळा ‘सेव्ह’ दाबलं तरी चलन एकच पडतं. खरा क्रमांक सर्व्हरवर पोचल्यावरच मिळतो. टेम्पो दारात उभा आहे आणि नेट नाही, अशा वेळी हातानं लिहायच्या चलनबुकाची वेगळी मालिका ठेवलीय. नियम ५५ मध्ये एकापेक्षा जास्त मालिका चालतात, त्याचा हा फायदा.

तिसरं माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं. देवनागरीतला शोध. एका फौंड्रीत एकाच पार्टीची दोन खाती निघाली. नाव, गाव सगळं सारखं, स्क्रीनवर डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसेना. गावाचं नाव एकानं ‘कऱ्हाड’ टाइप केलेलं, दुसऱ्यानं ‘कर्‍हाड’. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. फोनचा कीबोर्ड वेगळा, ऑफिसचा वेगळा, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन गावं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायचे वेगळे प्रकार एकसारखे करायची ठरलेली रीत) लावलं तरी ही दोन एक होत नाहीत. तीच गत ‘ॲ’ची. एक सरळ ‘ॲ’, दुसरा ‘अ’ला वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’. काहीलमध्ये प्रत्येक नावासोबत शोधाची एक किल्ली साठते, ती हे सगळे प्रकार एका ठिकाणी आणते. यादीची क्रमवारी पण तशीच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढं बसलाय आणि क्षीरसागर आपले ‘क’च्या घोळक्यात. आमच्या अडत पेढीचे दिवाणजी बाराखडी शिकलेले, ते ‘क्ष’ शेवटालाच शोधणार. अशा कामासाठीचं पीएचपीचं इंटल एक्स्टेंशन प्रत्येक स्वस्त होस्टिंगवर मिळतंच असं नाही, म्हणून ही किल्ली मी पीएचपीतच तयार करतो.

चौथं, जॉबवर्कची मुदत. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणं पाठवलेला माल एका वर्षात परत यायला पाहिजे, भांडवली वस्तू असेल तर तीन वर्षांत. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. साचे, डाय, जिग-फिक्स्चर, टूल यांना ती तीन वर्षांची अट नाही. हा हिशेब फ्रेमवर्कमध्येच आहे.

मला हवंय काय? एक, सुरक्षेतलं कळणारा कुणीतरी, जो हे मोडून दाखवेल. दोन, ओपन सोर्स पॅकेज चालवायचा अनुभव असलेला माणूस: आवृत्त्या, रिलीज, जुन्या गिऱ्हाइकाचं न मोडता नवं कसं द्यायचं. तीन, डॉक्युमेंटेशन आणि प्रचार. हे लोकांपर्यंत कसं न्यायचं यातलं मला ओ की ठो कळत नाही. मानधन देईन, पण पुण्या-मुंबईच्या दरानं जमणार नाही. कोल्हापुरात आलात तर जेवणाची सोय माझ्याकडं, तांबडा-पांढरा पोटभर.

---

स्पष्ट_बोलतो (पुणे)

तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, आणखी एक ‘मी पण फ्रेमवर्क लिहिलं’. दुसऱ्यांदा वाटलं, माल आहे, पण गाठोडं चुकीचं बांधलंय.

कलम १४३ फ्रेमवर्कमध्ये काय करतंय? उद्या कायद्यात एक वर्षाचे सहा महिने झाले तर तुम्ही फ्रेमवर्कची नवी आवृत्ती काढणार? आणि नाशिकचा एखादा पोरगा शाळेच्या फीचं सॉफ्टवेअर करायला काहील उतरवून घेईल, त्याला जॉबवर्कशी काय देणंघेणं?

पायथनमधल्या जँगो फ्रेमवर्कचं उदाहरण घ्या. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्रात ते तयार झालं, २००५ साली खुलं केलं. पण वर्तमानपत्राला लागणारी खास यंत्रणा त्यांनी ‘एलिंग्टन’ नावानं वेगळी ठेवली आणि विकली. खुलं केलं ते तिच्या खालचं. रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कचंही तसंच, २००४ मध्ये बेसकॅम्प या कामांचं नियोजन करायच्या सॉफ्टवेअरमधून काढलं, पण बेसकॅम्पची कामांची यादी काही रेल्समध्ये आली नाही. तुमच्यासारखंच, आधी धंदा आणि मग त्यातून फ्रेमवर्क, हीच चांगली वाट आहे. फक्त सुरी कुठं फिरवायची ते ठरवा. क्रमांक, खर्डा आणि देवनागरी खाली. जीएसटी, जॉबवर्क वर, वेगळ्या पॅकेजमध्ये.

आणि प्रचाराच्या भानगडीत एवढ्यात पडू नका.

---

ताराबाई_पार्क (कोल्हापूर)

मी बँकांच्या वेब अ‍ॅप्लिकेशनची सुरक्षा तपासायचं काम बरीच वर्षं केलं, आता घरूनच थोडंफार करते. गावातलं कुणी असं काही करतंय बघून बरं वाटलं. वयानं मोठी असेन असं धरून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

कोड अजून बघितलेला नाही, नुसत्या तुझ्या वर्णनावरून बोलते. खर्ड्याची कल्पना चांगली आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. दुपारी चारला माणूस चलन भरतोय, नेट गेलं, खर्डा ब्राउझरमध्ये राहिला. सेशन संपलं. सहाला दुसरी शिफ्ट आली, त्याच पीसीवर दुसऱ्या माणसानं लॉगिन केलं. आता तो खर्डा कुणाच्या नावावर जाणार? सीएसआरएफचं टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय हे पटवणारी खूण) जुनं झालेलं असणार, म्हणजे तू नवीन टोकन मागवून खर्डा पाठवत असणार. तसं असेल तर पहिल्याचं चलन दुसऱ्याच्या सहीनं पडलं. चलन एकच पडतं हे बरोबर, पण भलत्याच्या नावावर पडतं. खर्ड्यासोबत वापरकर्त्याची ओळख साठवली पाहिजे आणि लॉगिन करणारा वेगळा असेल तर खर्डा त्याला दिसताही कामा नये, पाठवणं तर लांबच. त्यात दर असतात, पार्टीची नावं असतात.

दुसरं, पासवर्ड. पीएचपीचं नेहमीचं हॅशिंग (पासवर्ड उलट वाचता न येईल असा साठवणं), म्हणजे बीक्रिप्ट, पहिले ७२ बाइट्सच बघतं. इंग्रजीत ७२ अक्षरांचा पासवर्ड कोण ठेवतंय, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे २४ चिन्हांत खेळ खलास. तू मराठी वापराचा पुरस्कार करतोयस, तर उद्या कुणीतरी अभंगाची अख्खी ओळ पासवर्ड म्हणून ठेवणार. त्याला वाटणार लई भक्कम आहे, आणि प्रत्यक्षात पहिल्या चार-पाच शब्दांपुढचं काहीही टाइप केलं तरी दार उघडणार. आर्गॉन२ या दुसऱ्या पद्धतीला ही मर्यादा नाही, पण तुझ्या स्वस्त होस्टिंगवर ते आहे का ते बघ. नसेल तर मर्यादा ओलांडल्यावर स्पष्ट सूचना दे, गुपचूप कापू नकोस.

तिसरं, फायली. ड्रॉइंगची पीडीएफ, काटा पावतीचा फोटो हे तुझे लोक चढवतातच. शेअर्ड होस्टिंगवर ते कुठं ठेवतोस? पब्लिक फोल्डरमध्ये ठेवत असशील आणि फाइलचं मूळ नाव तसंच राहत असेल, तर कुणी तरी ‘ड्रॉइंग.पीएचपी’ चढवेल आणि सर्व्हर त्याचा झाला. फाइल वेबच्या मुळाबाहेर, नाव आपण दिलेलं, आणि दाखवताना कोडमधून परवानगी बघूनच.

आता तू न विचारलेलं. ‘जाणकार हवेत’ असं उघड लिहिलंस, तर मदतीला येणारा प्रत्येक जण मदतच करायला येतो असं नाही. २०२४ मधलं एक्सझेडचं (लिनक्सवरच्या फाइल दाबून लहान करायच्या साधनाचं) प्रकरण आठवतंय का? एक थकलेला एकटा देखभाल करणारा, त्याला मदत करणारा एक गोड माणूस, दोनेक वर्षं इमानेइतबारे काम, मग रिलीजचे हक्क हातात, आणि मग मागचं दार. एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय एवढ्या खटकण्यावरून ते सापडलं, नाहीतर अर्ध्या जगाच्या सर्व्हरवर गेलं असतं. तेव्हा पॅच कुणाकडूनही घे, वाचून घे. पण गिटहब (कोड ठेवायची जागा) आणि पॅकेजिस्ट (पीएचपी पॅकेजची सार्वजनिक यादी) यांचे हक्क देताना माणूस समोर बसून बघितलेला असावा. आणि तरीही असा दुसरा माणूस तुला लागणारच. उद्या तू टायफॉइडनं पडलास तर नऊ गिऱ्हाइकांना सुरक्षेची दुरुस्ती कोण देणार?

दोष सापडला तर कुठं कळवायचं, याची फाइल आजच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, टाक. प्रचार झाला की पहिला पाहुणा दोष शोधणाराच असतो.

---

उद्यमनगर_पीएचपी

ताई, अरे-तुरे काय, कान धरलात तरी चालेल. याच्यासाठीच तर लिहिलं होतं.

खर्ड्याचं सांगतो. फौंड्रीत तिन्ही शिफ्टला मिळून एकच लॉगिन असतं, ‘स्टोअर’ नावाचं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला. त्यामुळं तिथं कुणाच्या नावावर हा प्रश्न आजवर कधी आलाच नाही. पण अडत पेढीत चार माणसं आपापल्या लॉगिननं एकाच काउंटरवर बसतात, तिथं तुम्ही म्हणताय ते तंतोतंत लागू आहे. खर्ड्याला वापरकर्ता बांधायचं काम वर घेतलं.

फायली वेबच्या मुळाबाहेरच आहेत आणि नावं यादृच्छिक, एवढं मात्र पहिल्यापासून आहे. ७२ बाइट्सचं डोक्यातच नव्हतं माझ्या, भारी सांगितलंत.

पुणेकर दादा, १४३ बाहेर काढायला माझी ना नाही, पण एक अडचण आहे. माझी गिऱ्हाइकं काहील घेतात ती १४३ साठी. क्रमांकाची मालिका आणि देवनागरी किल्ली यांचं त्यांना कौतुक नाही, ते नीट चालणारच असं ते धरून चालतात. उद्या ‘मूळ फ्रेमवर्क’ म्हणून जे उरेल ते बघून बाहेरचा डेव्हलपर म्हणेल, यात नवीन काय?

---

स्पष्ट_बोलतो (पुणे)

गिऱ्हाईक आणि डेव्हलपर ही दोन वेगळी दुकानं आहेत. गिऱ्हाइकाला जॉबवर्कचं सॉफ्टवेअर विका, तिथं १४३ पुढं मांडा. डेव्हलपरला तुम्ही फुकट देणार ते क्रमांक, खर्डा, देवनागरी. ‘यात नवीन काय’ म्हणणाऱ्याला ‘कऱ्हाड’ दोन प्रकारे टाइप करून दाखवा आणि गप्प बसा.

---

कुणाचा_वकील_नाही (सांगली)

वकील नाही, पण एकदा हे सगळं निस्तरलंय म्हणून लिहितो.

खुलं करण्याआधी हा कोड तुमच्या मालकीचा आहे का ते बघा. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. तुम्ही कंत्राटी पद्धतीनं काम करता, म्हणजे सहसा हक्क तुमच्याकडंच, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर कलम १९ प्रमाणं ते लेखी आणि सहीनिशी लागतं. पण हीच मेख आहे. एखाद्या कारखान्याच्या पर्चेस ऑर्डरच्या मागं बारीक टायपात ‘सर्व कोडचे हक्क कंपनीकडे’ असं छापलेलं असतं आणि आपण सही करून मोकळे होतो. नऊच्या नऊ ऑर्डरी काढून पाठची बाजू वाचा. जिथं असं सापडेल त्या मालकाकडून एका कागदावर ‘हा भाग खुला करायला हरकत नाही’ घ्या. चहा पिता पिता देतात. नंतर धंद्यात वाकडं आल्यावर देत नाहीत.

परवान्याबद्दल: एमआयटी ठेवलात तर कुणीही घेईल, विकेल, तुम्हाला विचारणार नाही. एजीपीएल ठेवलात तर नेटवरून सेवा देणाऱ्यालाही आपले बदल वापरणाऱ्यांना द्यावे लागतात, पण त्या अटीनं बऱ्याच कंपन्या लांब पळतात. फ्रेमवर्कला लाराव्हेल, रेल्स, फ्रापे सगळ्यांनी एमआयटी ठेवलंय, जँगोनं बीएसडी. मी असतो तर खालचं एमआयटी आणि वरचं जॉबवर्कचं पॅकेज खुलं करायच्या भानगडीतच पडलो नसतो. पोट त्याच्यावर आहे.

---

फौंड्री_अकाउंट्स (शिरोली)

भावा, तुझंच सॉफ्टवेअर वापरतोय. जगाला काय द्यायचं ते दे, पण आधी डॉट मॅट्रिक्सवर चलन एका पानात बसव. दहा आयटम झाले की सहीची जागा दुसऱ्या पानावर जातीया आणि गेटवरचा वॉचमन माल सोडत नाही. सीआर-एमआरचा (कास्टिंग आणि मशीनिंगमधल्या रिजेक्शनचा) रकाना पण जरा रुंद कर, तीन आकडी रिजेक्शन आलं की शेवटचा आकडा कापला जातोय. मालक खूश हाय रिजेक्शन कमी झालं म्हणून. मी काय बोललो नाही.

---

उद्यमनगर_पीएचपी

@फौंड्री_अकाउंट्स मर्दा, हे फोनवर सांगायचं असतंय! सोमवारी सकाळी येतो. आणि मालकाला सांगून टाक, नाहीतर मला सांगावं लागेल.

---

लॅब_तीन (कोल्हापूर)

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. प्रचार आणि डॉक्युमेंटेशन हे दोन विषय वेगळे आहेत असं तुमच्या लिहिण्यात दिसतं. माझ्या मते फ्रेमवर्कच्या बाबतीत ते एकच आहेत. रेल्स पसरलं ते पंधरा मिनिटांत ब्लॉग तयार करून दाखवणाऱ्या त्या व्हिडिओमुळं. लाराव्हेल २०११ मध्ये आलं तेव्हा पीएचपीत फ्रेमवर्कांची काही टंचाई नव्हती. लोक तिकडं वळले त्यात वाचण्यासारखं डॉक्युमेंटेशन आणि लाराकास्ट्सचे धडे यांचा वाटा मोठा आहे. वेगाच्या चाचण्यांचे तक्ते टाकून कुणी फ्रेमवर्क बदलत नाही.

एक करून बघू. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं देतो. त्यांना काहीलबद्दल काही माहीत नाही, तीच त्यांची पात्रता. कोऱ्या मशीनवर, फक्त तुम्ही लिहिलेलं वाचून, त्यांनी दूध संस्थेच्या संकलनाची छोटी नोंदवही उभी करायची: सभासद, सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ). तुम्ही त्याच खोलीत बसायचं, पण बोलायचं नाही. ती जिथं अडतील तिथं तुमचं डॉक्युमेंटेशन अपुरं आहे. हे बोलायचं नाही प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही. मी स्वतः एका मुलाच्या मागं उभं राहून दात-ओठ खाल्लेत. मुलांना प्रमाणपत्र द्या आणि त्यांची नावं योगदान देणाऱ्यांत घाला, पैसे दिलेत तर उत्तमच. फुकट राबवून घ्यायला मी मुलं देत नाही.

भाषेचं म्हणाल तर पहिला धडा मराठीत, तपशिलाचा संदर्भ इंग्रजीत. सगळं मराठीत ठेवलंत तर तमिळनाडूतल्या माणसाला तुमची किल्ली वापरता येणार नाही, आणि त्याचीही अडचण तीच आहे, फक्त लिपी वेगळी.

त्यावरून आठवलं. आख्खं काहील पसरवण्याआधी ती शोधाची किल्ली एकटी वेगळी काढा. कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय चालणारं छोटं पॅकेज, कंपोजर या पीएचपीच्या साधनानं एका ओळीत बसणारं, पॅकेजिस्टवर. आख्खं फ्रेमवर्क बदलायला माणसाला दहा वेळा विचार करावा लागतो, पण लाराव्हेलवाल्यालाही हे पॅकेज घेता येतं. सरकारी पोर्टल, वाचनालयांच्या सूच्या, पतसंस्था, सगळीकडं हाच ‘ऱ्य’चा गोंधळ आहे. ते वापरणारे चार लोक तुमच्या रिपॉझिटरीत दोष नोंदवायला लागले की त्यातूनच तुम्हाला हवी ती जाणकार माणसं सापडतील.

निधीसाठी फॉस युनायटेड या ओपन सोर्सच्या संस्थेची अनुदानं बघा, त्यांच्या इंडियाफॉस परिषदेत विषय मांडता येतो. झेरोधाचा फ्लॉस फंड आहे, २०२४ मध्ये जाहीर झाला, वर्षाला दहा लाख डॉलर, पण तो आधीच मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या प्रकल्पांसाठी आहे. तिथं आत्ता अर्ज करून वेळ घालवू नका. अनुदानाच्या अर्जात ‘नवीन वेब फ्रेमवर्क’ लिहिलंत तर वाचणारा जांभई देईल. ‘भारतीय लिप्यांतल्या नावांचा शोध’ लिहा.

---

उद्यमनगर_पीएचपी

सर, हे बेस्ट आहे. किल्ली वेगळी काढायला फार नाही, डेटाबेसशी तिचा संबंधच नाही, मजकूर आत घेते आणि मजकूर बाहेर देते. चाचण्या लिहिलेल्या आहेत, पण सगळी नावं आपल्याच भागातली. विदर्भ, खानदेश, कोकणातली गावं-आडनावं हवीत. ज्यांच्याकडं वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेल्या याद्या असतील त्यांनी नुसते शब्द पाठवा. पत्ते, फोन, रकमा नकोत.

दूध संस्थेच्या प्रयोगाला तयार आहे. तोंडाला पट्टी बांधून बसतो. मुलांना मानधन देणार.

क्रम असा धरतोय: पर्चेस ऑर्डरींची पाठ वाचणं, किल्ली वेगळी करून पॅकेजिस्टवर, खर्ड्याला वापरकर्ता बांधणं, १४३ बाहेर. मग ताईंनी बघितल्याशिवाय काहीलचं नाव कुठं घेणार नाही.

ताई, तपासायला कोड कसा देऊ? अडत पेढीच्या चालू सर्व्हरचं लॉगिन देऊ का, तिथं सगळं एकत्र बघायला मिळेल.

---

ताराबाई_पार्क (कोल्हापूर)

अजिबात नाही. चालू सर्व्हरचं लॉगिन मलाच काय, कुणालाच देऊ नकोस. पेढीच्या मालकाला विचारल्याशिवाय त्यांचा डेटा मी बघणार नाही, आणि विचारल्यावरही बघायची गरज नाही. वेगळ्या होस्टिंगवर कोरी प्रत उभी कर, खोट्या पार्ट्या आणि खोटी चलनं भर, रिपॉझिटरीत मला फक्त वाचायचा हक्क दे. मला तीन लॉगिन लागतील: एक मालकाचं, एक स्टोअरचं, एक फक्त रिपोर्ट बघणाऱ्याचं. होस्टिंग तुझं गिऱ्हाईक घेतं तेच स्वस्तातलं घे, भारी सर्व्हरवर तपासून उपयोग नाही. पैशाचं नंतर बोलू, आणि मी शाकाहारी आहे.